एकुलती एक धाकटी

तिच्या कामाच्या टेबलावर एका वेळी दहा-बारा तोंडं असतात. प्लास्टरची, अर्थात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात, लॅबमध्ये त्यावरून साचा ओतला जातो, आणि मग ती त्या साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवून त्यात एकेक दात बसवते. कवळ्या करणं हे तिचं काम. लग्नाआधीपासून ती हेच करते आहे. रस्त्यात कुणी भेटलं की तिची नजर आधी तोंडाकडे जाते, डोळ्यांकडे नंतर. नवरा म्हणतो, हिच्यासमोर मोकळं हसायची सोय नाही.

लॅबमध्ये तिला सगळे ‘धाकटी ताई’ म्हणतात. माहेरचं कुणीतरी एकदा तिला शोधत लॅबमध्ये आलं, ‘धाकटी आहे का?’ म्हणालं आणि ते नाव चिकटलं. मग थोरली कुठे असते, असं नवीन आलेली माणसं हमखास विचारतात. ती मान खाली ठेवूनच सांगते, ‘ती गेली. लहानपणीच.’ माणसं ओशाळतात, विषय संपतो.

खरी गोष्ट अशी की थोरली कधी नव्हतीच. आईवडिलांना एकच मुलगी झाली. ती म्हणजे हीच.

तिचे वडील कवी होते. त्यांची एक ओळ कविता न वाचणाऱ्यांनाही ठाऊक आहे: ‘दार सावकाश लोटा, ती अजून बूट घालते आहे.’ मूल गेलेल्या घरांनी ही ओळ वर्तमानपत्रातल्या निवेदनांत छापली, दगडावर कोरून घेतली. ही कविता त्यांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलीच्या मृत्यूवर लिहिली. घरात तिला ‘ठिपकी’ म्हणत, कारण तिच्या उजव्या कानाखाली काळा ठिपका होता. कवितेतही तिचं नाव तेच आहे.

ठिपकी आता पासष्टीच्या पुढे आहे, आणि कवळ्या करते.

त्याचं असं झालं. वडील तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात कारकून होते. कविता लिहीत, पण छापायला कुणी तयार नसे. मुलीला ताप आला, तो हटेना. एके सकाळी डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं. वडिलांनी ते दाराआडून ऐकलं. ‘बर्फ आणतो,’ असं म्हणून ते बाहेर पडले आणि बर्फाच्या दुकानाऐवजी बस स्टँडवर गेले. दुसऱ्या गावी त्यांचा एक मित्र साप्ताहिक चालवायचा. त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी एका बैठकीत कविता लिहिली. मित्र वाचता वाचता रडला आणि तसाच उठून ती छपाईला देऊन आला. मुलगी गेली का, हे त्याने विचारलं नाही. वडिलांनीही सांगितलं नाही. बहुधा त्यांना खात्रीच होती.

त्याच दिवशी दुपारी इकडे ताप उतरला.

वडील काही दिवसांनी परतले तेव्हा मुलगी पायरीवर बसून शेजारणीच्या मांजराला दोरीने खेळवत होती. ते फाटकातच थांबले. तिला एवढंच आठवतं की ते जवळ आले नाहीत. कविता छापलेला अंक त्यांच्या खिशात होता. आईने तो वाचला, घडी घातली आणि विचारलं, ‘आता?’

‘सांगतो त्यांना. दोन दिवस थांब.’

त्या दोन दिवसांत पत्रं यायला लागली. मग माणसं. एका मोठ्या संपादकाने कविता पुन्हा छापली. वडिलांना वरच्या वर्तुळातून बोलावणी आली. चूक झाली असं सांगणं दर दिवसाला अवघड होत गेलं.

तरी ती गोष्ट कायमची ठरली ती वडिलांमुळे नव्हे, आईमुळे. एक बाई दारात आली. परगावाहून, एकटी. तिच्या हातात लहान मुलीचे बूट होते, लाल, जेमतेम वापरलेले. तिची मुलगी त्याच वर्षी गेली होती. ‘तुमच्या मिस्टरांनी माझंच लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘हे घरात ठेववत नाहीत, टाकवत नाहीत. तुमच्याकडे ठेवा.’ तेवढ्यात आईच्या पदराआडून ठिपकीने डोकं बाहेर काढलं. बाईचा चेहरा बदलला. ‘ही?’

‘ही धाकटी,’ आई म्हणाली.

‘मग काय सांगणार होते मी?’ आई पुढे अनेकदा म्हणायची. ‘तिच्या हातात बूट होते गं. तुझी गेली, माझी वाचली, काहीतरी घोटाळा झाला, असं सांगू?’

एकदा शब्द तोंडातून गेल्यावर बाकीचं ओघानेच आलं. जुन्या गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं, म्हणून आई तिला घेऊन मामाच्या गावी राहायला गेली. धाकटी शोभावी म्हणून तिचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं. मूळची किरकोळच होती, खपून गेलं. शाळेत ती दोन वर्षं उशिरा गेली. त्या हिशेबाने म्हातारीही दोन वर्षं उशिराच होईन, असं ती म्हणते.

आणि बूट येत राहिले. त्या लाल बुटांची हकिकत कुठेतरी छापून आली आणि वाचकांनी प्रथाच पाडली. कुणी आपल्या गेलेल्या मुलाचे पाठवी, कुणी नवे विकत घेऊन. वडील ते खोक्यात भरून मामाच्या पत्त्यावर पाठवत. त्यांनी नियमित पाठवलेली ती एकच गोष्ट. आई त्यातले पायाला होतील ते तिला घालायला लावायची. ‘चांगल्या चामड्याचे आहेत. फेकायचे कशाला?’ वर्गात तिच्याइतके बूट कुणाकडे नव्हते. गंमत अशी की ठिपकीला त्या आजारपणाआधी बूट नव्हतेच. चपला होत्या, त्याही अंगठा तुटलेल्या.

पुढे ती कविता तिच्या पाठ्यपुस्तकात आली. बाईंनी ती वर्गात वाचली आणि पुस्तक मिटून त्या हिच्या बाकाजवळ आल्या. ‘तुझी ताई ना गं?’ ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? परीक्षेत ‘कवीच्या मनातील दुःख तुमच्या शब्दांत लिहा’ असा प्रश्न आला. त्यात ती जेमतेम पास झाली. बाईंना फार आश्चर्य वाटलं.

वडिलांचं पुढचं आयुष्य पुष्कळांनी लिहून ठेवलं आहे. मोठ्या शहरात चांगली नोकरी, पुस्तकं, पुरस्कार. एक पुरस्कार त्यांनी रागाने परत केला आणि वर्षभराने तो परत मिळेल का अशी चौकशी केली. दुसरं लग्न झालं. ती बाई एका उन्हाळ्यात टेम्पो भरून सामान घेऊन गेली, पंखेसुद्धा उतरवून नेले. दारू वाढली. मित्रांशी भांडणं झाली, ज्याने पहिल्यांदा कविता छापली त्याच्याशी सगळ्यात आधी. त्यांनी पुन्हा तसं काही लिहिलं नाही. टीकाकारांनी त्याचं कारण मुलीचं दुःख असं दिलं.

मामाच्या घरी ते येत, पण क्वचित. आले की आईशी बोलत, मुलीच्या हातात काहीतरी खाऊ देत आणि तिच्याकडे सरळ बघणं टाळत. ती कॉलेजात असताना एका समारंभात त्यांनी तिची कुणाशी तरी ओळख करून दिली. ‘ही माझी धाकटी.’ ‘धाकटी’ म्हणताना आई जराशी अडखळायची, इतक्या वर्षांनंतरही. ते अडखळले नाहीत. घरी आल्यावर तिने हे आईला सांगितलं. आई भाजी निवडत होती. ‘त्याला मनातून माहीत असतं गं,’ ती म्हणाली. ‘सांगेल एक दिवस.’

लग्न ठरलं तेव्हा आईने होणाऱ्या जावयाला समोर बसवून सगळं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, अजूनही जमेल तेवढं करतो. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे बायको आणि मेव्हणी एकाच पगारात?’ आई रडता रडता हसली. घरात तो विनोद पुढे बरीच वर्षं चालला. कवितेचा कार्यक्रम रेडिओवर लागला की तो आवाज वाढवायचा. ‘अगं ये, तुझ्या ताईचं चाललंय.’ आई गेली त्या वर्षापासून मात्र त्याने तो विनोद केलेला नाही.

कारण आईने जाता जाता एक काम सांगून ठेवलं होतं. ‘एकदा विचार त्याला. चारचौघांत नको, त्याची शोभा नको. दार लावून घे आणि म्हण, मला माझ्या नावाने हाक मारा. एकदाच. मग झालं.’

वडील आईच्या अंत्यविधीला आले नाहीत. प्रकृतीचं कारण कळवलं.

तिला दुसरं काही नको होतं. पुस्तकांचे हक्क नकोत, खुलासा नको. तिला ‘ठिपकी’ म्हणणारी दोनच माणसं जगात होती, आणि त्यातल्या एकाने कवितेनंतर ती हाक कधी तोंडातून काढली नव्हती. आईनेही घरात ती सोडून दिली होती. कुणी ऐकलं तर? त्यामुळे ते नाव एका बालमासिकाला मिळालं, एका पाळणाघराला मिळालं. ती सोडून सगळ्यांना मिळालं.

पण जायचं कसं? दरवेळी काहीतरी कारण निघायचं. मग एका सकाळी लॅबचे मालक स्वतः एक खोकं हातात घेऊन तिच्या टेबलाशी आले.

‘धाकटी ताई, हे कुणाचं तोंड आहे सांगा बघू.’

‘मालक, मला काम आहे.’

‘अहो, साक्षात...’ आणि त्यांनी कवींचं नाव घेतलं. मग जीभ चावली. ‘म्हणजे तुमचेच की. माझ्या लक्षातच येत नाही. तुम्ही कधी बोलतच नाही.’

नव्वदीला टेकलेल्या कवींच्या आवाजात ती कविता शेवटची ध्वनिमुद्रित करून ठेवायची होती. पण जुनी कवळी सैल झाली होती. ‘सावकाश’ म्हणताना शिट्टी वाजायची. म्हणून नवी हवी होती, आणि लवकर हवी होती.

मालकांनी काम दुसऱ्या कुणाला देऊ का विचारलं. ती नको म्हणाली. तिने साचा ओतला, सुकल्यावर हातात घेऊन फिरवून पाहिला. टाळूच्या मधोमध हाडाचा एक लांबट उंचवटा होता. तसा काहींना असतो, कवळी करताना तिथे जागा सोडावी लागते. तिने जीभ टाळूला लावून पाहिली. तिलाही तसाच आहे. हे तिला नवीन होतं, कारण स्वतःच्या तोंडाचा साचा तिने कधी काढला नव्हता.

मेणातले दात बसवून झाल्यावर ते तोंडात घालून बघावे लागतात. कवींना घराबाहेर पडणं शक्य नव्हतं. डॉक्टर त्यांच्याकडे जाणार होते, आणि जागच्या जागी दुरुस्ती करता यावी म्हणून लॅबचं कुणीतरी सोबत हवं होतं. ती गेली.

दार त्यांच्या शिष्याने उघडलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं कवींचं सगळं बघत होता. त्याने तिला ओळखलं आणि त्याला मनापासून आनंद झाला. ‘ताई! तुम्हीच? बरं झालं आलात. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तुम्ही शेजारी बसाच. थोरल्या ताईंच्या वतीने.’

खोलीत औषधांचा आणि उन्हाचा वास होता. वडील खिडकीजवळ उशांना टेकून बसले होते. तोंडात दात नसल्यामुळे हनुवटी वर आली होती. ‘धाकटी आलीय,’ शिष्य मोठ्याने म्हणाला. त्यांनी मान हलवली. ‘डॉक्टर, तुमची फी मागच्या वेळेपेक्षा वाढलीय म्हणे,’ ते म्हणाले. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की स्मरणशक्तीबद्दल त्यांना कधी शंका आली नाही. प्रकाशकाने कुठल्या साली काय फसवलं हेसुद्धा त्यांना तोंडपाठ होतं.

डॉक्टरांनी मेणाची कवळी बसवली आणि ‘सहा, सात, साठ’ म्हणायला सांगितलं. त्यांनी आकडे म्हटले नाहीत. ‘दार सावकाश लोटा,’ ते म्हणाले. किंचित शिट्टी वाजली. पुढचे दोन दात हलवावे लागणार होते. ती स्पिरिटचा दिवा पेटवून सुरी तापवायला बसली. तेवढ्या वेळात शिष्य डॉक्टरांना, मामाकडे पाठवणं थांबल्यापासून साठत गेलेल्या बुटांची खोली दाखवायला घेऊन गेला. तिथे त्याला काचेची कपाटं करायची होती.

तिने उठून दार लावून घेतलं.

‘बाबा, मी कोण?’

‘कोण म्हणजे? धाकटी.’

‘आणि थोरली?’

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता, कीव होती. ‘आईने सांगितलं नाही का तुला? तापात गेली.’

‘ताप उतरला होता बाबा. त्याच दुपारी. तुम्ही नव्हता तेव्हा.’

‘तुला काय माहीत?’ ते म्हणाले. ‘तू नव्हतीस तेव्हा.’

हातातली सुरी निवली होती. ती तिने खाली ठेवली, कानावरचे केस मागे केले आणि मान वळवून त्यांच्यासमोर धरली. ‘हे बघा.’

त्यांनी चष्मा शोधला. तो छातीवरच होता. तो लावून ते पुढे झुकले आणि त्यांनी बोटाचं टोक त्या ठिपक्यावर टेकवलं. तिने श्वास धरून ठेवला.

‘तिलाही होता,’ ते म्हणाले. ‘अगदी इथेच.’ आणि मग हळूच, जणू बाजूच्या खोलीत कुणी झोपलेलं आहे अशा आवाजात, ‘ठिपके... ठिपके गं.’

ते रडायला लागले. ते काही सोंग नव्हतं. साठ वर्षं ज्या मुलीसाठी लोक रडले त्या मुलीसाठी त्यांचं रडणंही खरंच होतं. तिने त्यांच्या तोंडातून मेणाची कवळी काढून घेतली, कारण तोंड आवळलं की मेण वाकतं. दातांशिवाय ते बोलत होते. शब्द तुटत होते, पण ती आयुष्यभर तशीच तोंडं पाहत आली आहे. तिला सगळं कळत होतं.

‘मी पळालो,’ ते म्हणाले. ‘बर्फ आणतो म्हणालो आणि पळालो. कुणाला सांगितलं नाही हे. तुझ्या आईला माहीत होतं.’

‘हो.’

‘शेवटी काय म्हणाली ती? आईने तुला सांगितलं असेल. मला विचारायचा धीर झाला नाही.’

तिला ती दुपार आठवते. छताचा एक ओला डाग, आईचा गार हात, आणि घसा इतका कोरडा की आवाज फुटेना.

‘पाणी मागितलं,’ ती म्हणाली. ‘पेलाभर प्यायली. मग झोपली.’

‘माझी आठवण काढली?’

‘नाही बाबा. लगेच झोप लागली.’

‘त्रास नाही झाला?’

‘नाही झाला.’

‘बरं झालं,’ ते म्हणाले. त्यांनी तिचा हात थोपटला. ‘तू चांगली आहेस. ती जरा हट्टी होती.’

डॉक्टर परत आले तेव्हा तिने दात सरकवून ठेवले होते. पुन्हा बसवून बघितले. ‘सावकाश’ स्वच्छ उमटलं. शिष्याने टाळी वाजवली.

संध्याकाळी नवरा दारातच उभा होता. चपला काढायच्या आत त्याने विचारलं, ‘मारली हाक?’

‘मारली.’

‘नावाने?’

‘नावाने.’

‘मग?’

‘तिला मारली,’ ती म्हणाली, आणि पाय धुवायला आत गेली.

कवळी ठरलेल्या वेळेला पोचली. ध्वनिमुद्रण झालं, ती गेली नाही. ऐकणारे म्हणतात, त्या वयात इतका स्पष्ट आवाज दुर्मीळ. थंडी संपता संपता कवी गेले. बातमीत शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की त्यांच्या मागे धाकटी कन्या व जावई आहेत. नवऱ्याने तो कागद टीपॉयवर ठेवला नाही, कपाटात सरकवला.

मग शिष्याचा फोन आला. घराचं स्मारक होणार होतं, बुटांच्या खोलीत एक भिंत मोकळी ठेवली होती. ‘ताई, एक विनंती होती. त्यांचा एखादा फोटो असेल का तुमच्याकडे? थोरल्या ताईंचा. आमच्याकडे एकही नाही. आजारपणाआधीचा कसाही चालेल.’

फोटो आहे. आईने तो मरेपर्यंत जपला. एका स्टुडिओत काढलेला. पाच वर्षांची मुलगी स्टुलावर बसलेली, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं, पाय उघडे. शेजारी वडील उभे आहेत. तरुण आहेत, आणि त्यांचा हात तिच्या डोक्यावर आहे.

‘लहानपणचा एकच फोटो आहे,’ ती म्हणाली. ‘पण तो माझा आहे.’

शिष्य माणूस भला होता, तिला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं.

‘तुमचा नको होता हो ताई,’ तो म्हणाला. ‘त्यांचा हवा होता.’

‘त्यांचा नाही,’ ती म्हणाली.

त्याने तसदीबद्दल माफी मागितली आणि फोन ठेवला.